दोन क्रांत्या, एक रविवार: नववीच्या पोराला बेळगावातल्या वडगावच्या हातमागावर इतिहास कसा शिकवायचा

बहिणीचा पोरगा पुस्तक घेऊन आला, म्हणाला मामा विचार की, फ्रेंच राज्यक्रांती 1789, वाफेचं इंजिन जेम्स वॅट, सगळं पाठ झालंय. मी एवढंच विचारलं, 1789 च्या आधी पॅरिसातला सुतार कुणाचा हुकूम ऐकायचा आणि नंतर कुणाचा? गप्प. मग म्हणतो, हे परीक्षेला येत नाही. येत नाही खरं, पण हे कळल्याशिवाय बाकीचं सगळं पंधरा दिवसांत विसरतंय, दरवर्षी बघतोय मी.

तर ज्यांच्या घरात नववी-दहावी आहे त्यांच्यासाठी, मी कसं करतो ते सांगतो. अट एकच, राजकीय क्रांती आणि कारखान्यांची क्रांती वेगवेगळ्या दिवशी शिकवायची नाही. आणि दिवसभर एकच प्रश्न धरायचा: आधी कुणाचं चालायचं, नंतर कुणाचं?

सकाळी चहा झाला की फ्रान्स घ्या. वहीत तीन चौकोन काढायचे, धर्मगुरू, सरदार आणि बाकी सगळे. शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव लोक तिसऱ्या चौकोनात आणि कराचं ओझंपण त्यांच्याच डोक्यावर. तिजोरी रिकामी झाली म्हणून राजानं 1789 च्या मेमध्ये या तिघांची सभा बोलावली, 1614 नंतर पहिल्यांदा. आता पोराला सांगा की मतं माणशी मोजायची नाहीत, चौकोनाला एक मत. दोन मिनिटांत पोरगं स्वतःच ओरडतं, अरे मग दोनास एक, हे कायमचेच हरणार की! हां. इथं थांबायचं, घाई करायची नाही, कारण क्रांतीची कळ इथं आहे. भूक होतीच, 1788 ला पीक बुडून पाव महागला होता, पण नुसत्या भुकेनं दंगल होते, राज्याचा कायदा बदलत नाही. तिसऱ्या चौकोनानं 17 जूनला जाहीर केलं की आम्हीच राष्ट्रसभा, तिथनं गाडी सुटली.

बॅस्टिल, म्हणजे लोकांनी फोडलेला पॅरिसचा तुरुंग-किल्ला, पटकन उरका. पोरांना वाटतं हजारो कैदी सोडवले, आत होते सात. लोकांना दारूगोळा पाहिजे होता. त्यापेक्षा 4 ऑगस्टची रात्र सांगा, सरदारांचे पिढीजात हक्क एका रात्रीत मोडीत निघायला लागले, आणि 26 ऑगस्टचा जाहीरनामा, की माणसं जन्मतः स्वतंत्र आणि हक्कानं समान. बायकांचं काय असं पोरीनं विचारलंच तर (विचारतातच) ऑलिंप द गूज सांगायची, तिनं 1791 ला बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि 1793 ला तिला गिलोटिनवर, म्हणजे मुंडकं उडवायच्या यंत्रावर, चढवलं.

दुपारी जेवून विणकरांच्या वस्तीत, वडगाव नाहीतर खासबाग. पावरलूमचा खडखडाट गल्लीगल्लीत ऐकू येतो, हातमाग मात्र आता शोधावाच लागतो, ओळख काढून जा, कामाच्या मध्ये फोटो काढत उभं राहू नका, लोकांची मजुरी साडीवर असते, तुमच्या पाच मिनिटांचे पैसे त्यांचे जातात. मी गेलो ते घर लांबच्या नात्यातलं. तिथल्या आजोबांनी पोराच्या हातात धोटा (आडवं सूत इकडनं तिकडं नेतो तो) दिला, म्हणाले फेक बघू या बाजूनं त्या बाजूला. फेकला आणि खाली पडला, सूत गुंतलं, आजोबा हसले, मला मात्र अर्धा तास ते सोडवत बसावं लागलं. मग त्यांनी दोरी ओढली, फट्, धोटा आपोआप पलीकडं.

ती दोरीची युक्ती इंग्लंडातल्या जॉन केची, 1733. आधी हात पुरेल तेवढाच पन्हा (कापडाची रुंदी), रुंद कापडाला दोन माणसं लागायची, आता एक बास. पण विणणारा पळायला लागल्यावर सूत कमी पडायला लागलं, आधीच एका विणकराला सूत पुरवायला चारेक माणसं चरख्यावर लागायची. म्हणून 1764 च्या सुमाराला हारग्रीव्ह्जची जेनी, म्हणजे सूत कातायचं यंत्र, एका चाकावर आठ चात्या. मग आर्कराइटनं 1769 ला पाण्यावर चालणारं यंत्र काढलं, ते घरात मावेना, म्हणून 1771 ला क्रॉमफर्डला नदीकाठी गिरणी. आता सूत जास्त झालं आणि विणणारे कमी, मग 1785 ला कार्टराइटचा यंत्रमाग. एक गाठ सोडवली की पुढची आवळते, हे असं साखळीसारखं सांगितलं की सनावळी पाठ करावी लागत नाही. पाण्याची गिरणी डोळ्यासमोर येत नसेल तर गोकाक फॉल्स आठवायला सांगा, तिथली सूतगिरणी धबधब्याच्या जोरावरच उभी राहिली. आणि वॅटनं इंजिन शोधलं असं लिहू देऊ नका, न्यूकोमनचं 1712 पासून खाणीतलं पाणी उपसत होतं, वॅटनं त्याची कोळशाची उधळपट्टी थांबवली.

आता प्रश्न परत विचारा, कुणाचं चालायचं? घरात माग होता तेव्हा विणकर आपल्या सोयीनं उठायचा, गिरणीत भोंगा ठरवतो. चिडलेल्या लोकांनी 1811 पासून इंग्लंडात यंत्रं फोडली तर 1812 ला त्याला फाशीची शिक्षा ठेवली. लहान पोरांचे तास आठवड्याला 48 वर आणायला 1833 उजाडलं, तेपण नऊ ते तेरा वयाच्या.

दोन्ही धडे जोडणारा खिळा पुस्तकात सहसा नसतो, तो असा. 1791 च्या वसंतात पॅरिसच्या सुतारांनी मजुरी वाढवा म्हणून एकी केली, आणि ज्या सभेनं समानतेचा जाहीरनामा काढला तिनंच 14 जूनला कायदा करून कामगारांची एकजूट बंद केली. कारण काय, तर प्रत्येकजण स्वतंत्र आहे, मालकाशी ज्यानं त्यानं एकट्यानं बोलावं! माझा भाचा म्हणाला, म्हणजे सरदार गेला आणि शेठ आला. थोडं ढोबळ आहे, पण मी खोडलं नाही. फ्रान्सात संघटनेला कायद्यानं पूर्ण परवानगी मिळाली 1884 ला, आणि त्याच साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांची संघटना उभी करत होते.

आपल्या भागाचं एक सालपण वहीत शेजारी शेजारी लिहा, 1824. इंग्लंडात कामगारांच्या एकजुटीवरची बंदी उठली ती त्या वर्षी, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ईस्ट इंडिया कंपनीचा कलेक्टर थॅकरे दत्तक वारस नाकारून कित्तूरचा खजिना ताब्यात घ्यायला आला आणि राणी चन्नम्माच्या लोकांकडनं मारला गेला. हक्क तिकडं वाढत होते, इकडं संस्थानं खालसा होत होती. पुढं तर मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी धारवाड भागात अमेरिकन जातीचा कापूस लावून घेतला. वेळ असेल तर पुढच्या सुट्टीत खानापूरकडनं नंदगडला जाऊन या, चन्नम्माच्या बाजूनं लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 ला तिथंच फाशी दिली.

परत येताना सांगितलं, रविवारची सुट्टी लोखंड्यांनी भांडून 1890 ला मिळवली. पोरगं म्हणालं, मग आजोबांचा माग आज का चालू होता? मी गाडी चालवत होतो, म्हटलं घरी जाऊन तूच लिही. दीड पान लिहिलंय, शुद्धलेखनाच्या चुका सोडल्या तर बरं आहे.