कोळंबीचे ट्रॉल जाळे: हंगामाआधी करायचे बदल

मासेमारी बंद असताना जाळी दुरुस्तीला निघतात. कोळंबीच्या ट्रॉलमध्ये, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यात, बदल करायचे ते याच दिवसांत. एकदा हंगाम लागला की कुणालाच सवड नसते.

आधी जाळ्याचा खोला, म्हणजे मासळी जमा होते ती शेवटची पिशवी, तपासा. नेहमीचे डायमंड आस (शंकरपाळ्याच्या आकाराची जाळ्याची भोके) ओढताना ताणले जाऊन मिटतात, मग बोटाएवढी पिल्लेही आत अडकतात. चौकोनी आस ताणातही उघडे राहतात. खोल्याच्या अलीकडे, वरच्या बाजूला चौकोनी आसांचा एक पट्टा जोडला तरी बराच फरक पडतो, कारण मासा पोहून वर निसटतो आणि कोळंबीला प्रवाहाविरुद्ध तेवढे पोहता येत नाही.

कासव फुप्फुसाने श्वास घेते, म्हणून जाळ्यात अडकले की गुदमरून मरते. त्यासाठी टेड, म्हणजे कासवाला अडवून बाहेरच्या वाटेकडे वळवणारी गजांची तिरकी चौकट जाळ्यात बसवावी. टेडमुळे कोळंबी जाते, ही तक्रार बहुतेक ठिकाणी ऐकू येते. पण अशी चौकट घडवणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी अमेरिकेतले सिंकी बून हे स्वतः कोळंबी पकडणारे होते आणि त्यांना जाळ्यातून जेलीफिश बाहेर काढायचे होते. कोळंबी जाते ती बहुधा चौकट चुकीची बसल्यामुळे.

गजांमधले अंतर १० सेंमीपेक्षा जास्त नको. कोन साधारण ४५ ते ५५ अंश ठेवा. चौकट फार आडवी झाली तर पाणी बाहेरच्या वाटेच्या तोंडाकडे वळते आणि कोळंबी त्याबरोबर बाहेर जाते. फार उभी झाली तर कासव, शेवाळ, लाकडे तिथेच अडून जाळे तुंबते. नवे जाळे वापरात ताणले जाते, कोनही बदलतो. म्हणून चौकटीचा भाग टांगून, जाळे सगळीकडून सारखे ताणून, कोनमापक लावून पुन्हा मोजा. बाहेरच्या वाटेवरची झडप सपाट बसायला हवी. ती दोरीने बांधून टाकू नका, खलाशांनाही हे बजावून ठेवा.

समुद्रतळाचे नुकसान बोर्ड (जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या फळ्या) आणि जाळ्याच्या तोंडाशी तळावरून ओढली जाणारी साखळी यांमुळे होते. बोर्ड ओढण्याच्या दिशेला जितका आडवा राहील तितका चिखल उपसतो आणि डिझेलही खातो. बुडाची पट्टी एका बाजूने झिजली असेल तर बदला. कोळंबीला उठवण्यापुरतीच साखळी ठेवा, जास्तीचे वजन काढा.

बोट एकावेळी दोन जाळी ओढत असेल तर बदल एकाच जाळ्यात करा, दुसरे तसेच राहू द्या आणि दोन्हींची कोळंबी वेगवेगळी तोला.