कार्यालयातल्या संगणकावर सॉफ्टवेअर बसत नाही तेव्हा काय करावे

हिरवी पट्टी निम्म्यावर येऊन अडकते, एक चौकट उघडते आणि सेटअप बंद पडतो. अशा वेळी बहुतेक जण तोच सेटअप पुन्हा चालवतात, मग तिसऱ्यांदा चालवतात. त्याने मूळ कारण जागेवरच राहते, वर अर्धवट फायली साचतात. संगणकाने नकार का दिला हे बहुतेक वेळा त्याने स्वतःच लिहून ठेवलेले असते. ते वाचायला शिकलात की पतसंस्था असो, पंचायत असो वा शाळेचे कार्यालय, निम्मी कामे बाहेरचा माणूस न बोलावता होतात. पुढची सगळी माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे.

चौकट बंद करण्याआधी

‘ओके’ दाबू नका. मोबाईलवर चौकटीचा फोटो घ्या. सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, सेटअपची फाईल कुठे ठेवली होती आणि त्या वेळी कोणाचे लॉगिन चालू होते, एवढे कागदावर लिहा. चौकटीत आकडा असेल तर तोच सर्वांत मोलाचा.

१६१८ म्हणजे दुसरे काहीतरी आधीच बसते आहे. चतुर्थीची सुट्टी संपून कार्यालय उघडते त्या सकाळी हा आकडा हमखास दिसतो, कारण आठवडाभर बंद असलेला संगणक साचलेली अपडेट पाठीमागे गुपचूप उतरवत असतो. ती पूर्ण होऊ द्या, रीस्टार्ट करा, मग सेटअप चालवा. १६३८ म्हणजे त्याच सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती आधीपासून आहे. १६२५ म्हणजे कार्यालयाच्या पॉलिसीनेच (संगणकावर घातलेल्या नियमानेच) मनाई केली आहे. ३०१० ही चूकच नव्हे: सॉफ्टवेअर बसले आहे, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. आकड्याच्या शेवटी ८००७०००५ असेल तर परवानगी नाकारली गेली, ८००७००७० असेल तर डिस्कवर जागा नाही. १६०३ मात्र नुसते ‘जमले नाही’ एवढेच सांगतो. त्याचे खरे कारण लॉगमध्ये, म्हणजे संगणकाने ठेवलेल्या नोंदींत, शोधावे लागते, त्याबद्दल पुढे.

रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच

संध्याकाळी शटडाउन केले होते, सकाळी चालू केला, म्हणजे रीस्टार्ट झालाच, हा समज चुकीचा आहे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अडकलेले अपडेट तसेच अडकून राहते. स्टार्ट मेनूतून ‘रीस्टार्ट’ निवडले तरच सगळे नव्याने सुरू होते. सेटअप चालवण्याआधी हे एकदा कराच.

परवानगी कोणाची

कार्यालयातल्या लॉगिनला सहसा सॉफ्टवेअर बसवायचा अधिकार नसतो आणि तो नसावाच. सेटअपवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडल्यावर पासवर्ड मागितला, तर तो ज्यांच्याकडे आहे त्यांना बोलवा. १६२५ आल्यास संगणक विभागालाच कळवा. पॉलिसीला वळसा घालायच्या युक्त्या शोधू नका.

इथे एक गफलत नेहमी होते. साहेबांनी येऊन आपला पासवर्ड टाकला, सेटअप शेवटपर्यंत गेला, पण क्लार्कच्या लॉगिनमध्ये आयकॉनच नाही. काही सेटअप फक्त एकाच युजरसाठी बसतात आणि ज्याचा पासवर्ड टाकला त्याच्याच खात्यात जाऊन बसतात. सेटअपमध्ये ‘सर्व युजरसाठी’ असा पर्याय आहे का ते आधी पाहा आणि तोच निवडा.

फाईल शाबूत आहे का

पावसाळ्यात लाईट जाते, राउटर बंद पडतो आणि डाऊनलोड अर्धवट राहते. फाईल दिसते, पण पूर्ण नसते. कंपनीच्या साइटवर दिलेला आकार आणि तुमच्या फाईलचा आकार जुळवा. मग फाईलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब उघडा. तिथे कंपनीचे नाव असावे आणि ‘डिटेल्स’ दाबल्यावर सही ठीक असल्याचे दिसावे. नामांकित कंपनीच्या फाईलवर सहीच नसेल, किंवा ती अवैध दाखवत असेल, तर ती फाईल काढून टाका आणि कंपनीच्याच साइटवरून पुन्हा घ्या. कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेला सेटअप कार्यालयाच्या संगणकावर चालवू नये. त्या संगणकात लोकांचे पैसे आणि कागदपत्रे आहेत.

झिप फाईलच्या आतूनच सेटअप चालवला तर त्याला शेजारच्या फायली सापडत नाहीत. आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करा. सेटअप नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर असेल तर आणखी एक अडचण: तुमच्या लॉगिनला दिसणारा तो ड्राइव्ह ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालणाऱ्या सेटअपला सहसा दिसत नाही, आणि ‘पाथ सापडत नाही’ असा संदेश येतो. म्हणून फाईल सी ड्राइव्हवर एका साध्या फोल्डरमध्ये आणा आणि तिथून चालवा.

तारीखही पाहा. बऱ्याच कार्यालयांत घरी जाताना मेन स्विच बंद करतात, पावसात वीज कडाडते म्हणून ते योग्यच. पण मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपलेली असेल, तर दर सकाळी संगणक काही वर्षे मागे जातो. मग साइटची प्रमाणपत्रे अवैध दिसतात आणि चांगल्या सेटअपची सहीही खोटी ठरते. बॅटरी बहुधा सीआर२०३२ असते, ३ व्होल्टची. संगणकाची विजेची वायर काढून बॅटरी बदला, तारीख नीट लावा, मग डाऊनलोड पुन्हा करा.

युजरचे नाव मराठीत आहे का

हे कारण आपल्याकडेच आढळते आणि बाहेरच्या मदतकेंद्राला सहसा सुचत नाही. संगणक नवा आला तेव्हा कोणी तरी खात्याला ‘लेखा’ किंवा ‘सचिव’ असे देवनागरी नाव दिले. विंडोजने ‘युजर्स’च्या आत त्याच नावाचे फोल्डर बनवले, आणि सेटअप उलगडताना वापरायचे ‘टेम्प’ फोल्डर त्याच्या पोटात गेले. नव्या सॉफ्टवेअरला याची अडचण नाही. पण युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची एकच अक्षरपद्धत) येण्याआधीच्या पद्धतीने लिहिलेले जुने सॉफ्टवेअर अक्षरे ज्या जुन्या कोष्टकांतून वाचते, त्या विंडोजच्या कोष्टकांत देवनागरीला जागाच नाही. त्याला ‘लेखा’च्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात, तसे फोल्डर सापडत नाही आणि सेटअप सुरू होताच मरतो.

तपासणे सोपे आहे. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, इंग्रजीत टेम्प लिहून दोन्ही बाजूंना % हे चिन्ह द्या आणि एंटर दाबा. उघडलेल्या फोल्डरच्या पत्त्यात मराठी अक्षरे दिसली तर हेच कारण असू शकते. सेटिंग्जमध्ये खात्याचे नाव बदलून उपयोग नाही, फोल्डर जुन्याच नावाचे राहते. इंग्रजी अक्षरांतल्या लहानशा नावाचे, मधे जागा न सोडलेले, नवे खाते उघडा आणि सेटअप तिथून चालवा. सॉफ्टवेअरचा रोजचा डेटाही त्याच पत्त्याखाली राहत असेल, तर कामही नव्या खात्यातूनच करा.

जागा, बिट आणि सोबतीच्या फायली

सेटअप ५०० एमबीचा असला तरी उलगडताना त्याला कितीतरी जास्त जागा लागते. सी ड्राइव्हवर निदान १० ते १५ जीबी मोकळे ठेवा. ‘स्टोरेज’मधून तात्पुरत्या फायली काढताना यादीत ‘डाउनलोड्स’ही असते. तिथे टिक राहिली तर कार्यालयाने उतरवून ठेवलेली परिपत्रके जातील, म्हणून यादी वाचून मगच बटण दाबा.

सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, मग ‘अबाऊट’ येथे संगणक ३२ बिट आहे की ६४ ते कळते. ३२ बिट विंडोजवर ६४ बिटचे सॉफ्टवेअर चालत नाही. उलट बहुतेक चालते, पण प्रिंटर आणि डिजिटल सहीचे टोकन (पेन ड्राइव्हसारखे उपकरण) यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणे चालवणारी सॉफ्टवेअर, विंडोजच्याच बिटचे लागतात. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळते, त्यामुळे १६ बिटच्या काळातले सेटअप तिथे सुरूच होणार नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही लक्षात ठेवा.

हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरला अनेकदा डॉटनेट ३.५ हा मायक्रोसॉफ्टचा सोबतीचा संच लागतो. ‘विंडोज फीचर्स’ उघडून त्यावर टिक करा, २.० आणि ३.० त्यातच येतात. ‘डीएलएल (सॉफ्टवेअरला लागणारी सोबतीची फाईल) सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर ती एक फाईल कुठल्याही साइटवरून उतरवू नका. बहुधा मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल हवे असते. ६४ बिट संगणकावर त्याचे दोन्ही प्रकार बसवा, कारण ३२ बिट सॉफ्टवेअर ३२ बिटचेच मागते.

टोकन किंवा प्रिंटर असेल तर सेटअप सांगेपर्यंत यूएसबी लावू नका. आधी लावले की विंडोज आपल्या मनाने दुसराच ड्रायव्हर देऊ शकते.

जुनी आवृत्ती काढताना

१६३८ आला की जुने काढावे लागते, आणि इथे घाई करू नका. सॉफ्टवेअरच्या आतून बॅकअप घ्या, तो पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर ठेवा, आणि तिथे फाईलचा आकार शून्य नाही ना ते उघडून पाहा. लायसन्सची किल्ली लिहून घ्या. त्यानंतरच अनइन्स्टॉल आणि रीस्टार्ट. अनइन्स्टॉलच अडकत असेल तर मायक्रोसॉफ्टचे इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर चालवा.

अँटिव्हायरस

तो बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. ती पहिली पायरी करू नका. ‘विंडोज सिक्युरिटी’तील ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडा. तुमच्या सेटअपची फाईल तिथे अडवलेली दिसली आणि तिची सही वर सांगितल्याप्रमाणे खरी ठरली, तर तेवढ्याच फाईलला परवानगी द्या. फाईल तिथे नसेल तर अँटिव्हायरसचा या प्रकरणाशी बहुधा संबंध नाही.

१६०३ चे मूळ

‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्स’मध्ये ‘ॲप्लिकेशन’ निवडा आणि स्रोताच्या रकान्यात ‘एमएसआयइन्स्टॉलर’ शोधा. ११७०८ क्रमांकाची नोंद म्हणजे अपयश. तिच्या आसपासच्या नोंदी वाचा.

सेटअपची फाईल एमएसआय प्रकारची (नावाच्या शेवटी .msi असलेली) असेल तर पूर्ण लॉगही काढता येतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून फाईलच्या फोल्डरमध्ये जा. इंग्रजी अक्षरांत एमएसआयएक्झेक (शेवटचे स्पेलिंग ई-एक्स-ई-सी), मग /आय, फाईलचे नाव, मग /एल*व्ही आणि शेवटी लॉगच्या फाईलचे नाव लिहा, प्रत्येकामध्ये एक जागा सोडून. सेटअप पडला की तो लॉग नोटपॅडमध्ये उघडून ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा. ते शब्द पहिल्यांदा जिथे येतात त्याच्या वरच्या दहा-वीस ओळींत कारण असते: एखादे फोल्डर ज्यावर ‘सिस्टिम’ खात्याला पूर्ण अधिकार नाही, न सुरू होणारी सेवा, किंवा सापडत नसलेली फाईल. कंपनीला फोन करायची वेळ आली तर हा लॉग आणि सुरुवातीचा फोटो ईमेलने पाठवा. ‘चालत नाही’ एवढेच सांगितले तर पहिला अर्धा तास रीस्टार्ट करायला लावण्यातच जातो.

एकामागून एक वेगवेगळी सॉफ्टवेअर पडत असतील तर दोष विंडोजमध्येच असू शकतो. त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत एसएफसी, एक जागा, /स्कॅननाऊ लिहून एंटर दाबा. त्याला वेळ लागतो. मधे स्विच बंद करू नका.

सॉफ्टवेअर बसले की ॲडमिनिस्ट्रेटरच्या नव्हे, जो माणूस रोज वापरणार त्याच्या लॉगिनमध्ये उघडा. एक नोंद घाला, एक पान छापा, बंद करून परत उघडा. ती नोंद तिथेच दिसली तरच सेटअपची फाईल, तारीख आणि आवृत्ती लिहिलेल्या फोल्डरमध्ये ठेवून द्या.