यंत्रवत दिनक्रमावर लघुपट कसा करावा: नागपुरातील एका कूलरच्या निमित्ताने

रोजच्या व्यवहारात माणूस यंत्रासारखा कसा वागू लागतो, या विषयावर लघुपट करावा असे अनेक नवोदितांना वाटते आणि त्यांपैकी बरेचसे लघुपट एकाच ठिकाणी फसतात. गजर वाजतो, चादरीतून हात बाहेर येतो, दात घासणे, चहा, कार्यालय, झोप, आणि मग हाच क्रम पुन्हा दोनदा. नायकाला कंटाळा आला आहे हे प्रेक्षकाला कळते, पण तोवर प्रेक्षकही कंटाळलेला असतो. वास्तविक कंटाळलेल्या माणसाला आपण काय करत आहोत याची पुरेपूर जाणीव असते. सवयीने चालणाऱ्याला ती नसते आणि बहुधा त्याचे काही बिनसलेलेही नसते. त्यामुळे चेहऱ्यावरची उदासी, खिडकीबाहेर लागलेली नजर आणि ‘रोज तेच ते’ असे सांगणारे निवेदन या तिन्ही गोष्टी संहितेतून आधीच काढून टाकाव्यात. दिनक्रम प्रेक्षकाच्याच अंगवळणी पाडायचा आणि त्याचे लक्ष नेमके कुठे सुटले ते नंतर त्याच्या ध्यानात यावे, अशी रचना करायची.

त्यासाठी कृतीची निवड महत्त्वाची आहे. हातांना क्रम पाठ झालेला आहे आणि त्यातील एक पायरी गळली तर काहीतरी घडू शकते, अशी कृती हवी. नागपुरात ती शोधायला लांब जावे लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो तेव्हा घरोघरी कूलरमध्ये रोज पाणी भरले जाते. बटण बंद करायचे, प्लग काढायचा, पाइप टाकीत सोडायचा, टाकी काठोकाठ भरण्याआधी नळ बंद करायचा, प्लग लावून आधी पंप आणि ताट्या (कूलरच्या बाजूंना लावलेले, पाण्याने भिजणारे पडदे) भिजल्यावर पंखा सुरू करायचा, हा क्रम इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. लोखंडी पत्र्याच्या कूलरमध्ये वीज चालू ठेवून पाणी भरताना धक्का बसल्याच्या बातम्याही उन्हाळ्यात विदर्भातील वर्तमानपत्रांत येत असतात. म्हणजे प्लग काढणे या क्षुल्लक दिसणाऱ्या पायरीत नाट्य आधीच दडलेले आहे. ते बाहेरून आणण्याची गरज नाही.

कथा एका पानात मावावी. पन्नाशीची नायिका सुभाषनगरात राहते, अ‍ॅक्वा लाइनच्या मेट्रोने सीताबर्डीला येते, तिथे ऑरेंज लाइनची गाडी धरून झिरो माइलजवळच्या कार्यालयात जाते आणि संध्याकाळी परतल्यावर सर्वप्रथम कूलर भरते. तीन दिवस दाखवायचे. पहिल्या दोन दिवशी ती प्लग काढते, तिसऱ्या दिवशी काढत नाही. तिला धक्का बसतो का? माझ्या मते बसू नये. अपघात दाखवला की लघुपट सुरक्षिततेची जाहिरात होऊन बसतो. काहीही घडत नाही, ती नळ बंद करून स्वयंपाकघरात निघून जाते आणि आपण काय केले हे तिला कळतही नाही, हा शेवट कितीतरी अधिक अस्वस्थ करणारा आहे. मेट्रोच्या स्थानकात किंवा डब्यात चित्रीकरण करायचे झाल्यास महामेट्रोची पूर्वपरवानगी घ्यावी. ती मिळणे अवघड वाटल्यास तो प्रवास नुसत्या ध्वनीतून सूचित केला तरी चालतो, किंबहुना तेच बरे.

कलावंताच्या बाबतीत अभिनयकौशल्यापेक्षा सवय पाहावी. जी व्यक्ती स्वतःच्या घरी खरोखर कूलर भरते तिचे डोळे हातांवर नसतात; ती पाइप टाकीत सोडतानाच आतल्या कोणाला तरी भाजीचे विचारत असते. नवख्या नटाची नजर मात्र सारखी प्लगकडे जाते आणि तेवढ्यानेच प्रसंग खोटा वाटू लागतो. म्हणून तालमीत भावना समजावून सांगण्याऐवजी तीच कृती गप्पा मारत वारंवार करून घ्यावी आणि नजर हातांवरून उठेपर्यंत कॅमेरा सुरू करू नये. चित्रीकरणाच्या वेळी मात्र विजेची जोडणी मुख्य कळीपासूनच तोडलेली असावी. चौकटीत केवळ टाकी, पाइप, भिंतीवरचा बोर्ड आणि हात ठेवावेत. पंखा चौकटीबाहेर असला की तो बंद असल्याचे कळत नाही आणि त्याची घरघर नंतर ध्वनिपट्टीवर चढवता येते. या बाबतीत तडजोड नको.

कॅमेऱ्याची जागा तिन्ही दिवसांसाठी तंतोतंत एकच असावी. ट्रायपॉडच्या पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात, उंची आणि लेन्स वहीत लिहून ठेवावी. चौकट हलली तर प्रेक्षक सावध होतो, आणि आपल्याला तो बेसावध हवा आहे. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवल्यास चित्रात पट्टे सहसा दिसत नाहीत. फोनवर चित्रीकरण करत असल्यास उन्हाचा विचार करावा. आयफोनसाठी उत्पादकाने सांगितलेली मर्यादा ३५ अंश आहे, त्यामुळे गच्चीवरची दुपार टाळलेलीच बरी.

या विषयाचा खरा कस संकलनात लागतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अ‍ॅन ग्रेबियल यांच्या गटाने इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या वाटेने उंदरांना धावायला शिकवले आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुरुवातीला वळण घेताना ठळक असलेली, मेंदूच्या स्ट्रायटम या भागातील चेतापेशींची सक्रियता सवय जडल्यावर मुख्यतः धावेच्या आरंभाकडे आणि शेवटाकडे सरकली. संकलकाला यातून थेट पद्धत मिळते. पहिला दिवस सविस्तर, म्हणजे चार मिनिटांचा ठेवावा आणि प्रत्येक कृती पूर्ण दाखवावी. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कृतीचा फक्त आरंभ आणि शेवट ठेवून मधला भाग कापावा: हात प्लगवर, लगेच भरलेली टाकी, किल्ली कुलपात, लगेच काढलेल्या चपला. दीड मिनिटात दिवस संपतो आणि गाळलेला भाग प्रेक्षक मनातल्या मनात स्वतः भरू लागतो. तिसऱ्या दिवशी कूलरचा प्रसंग पुन्हा अखंड, न कापता दाखवावा. प्लग तिथेच असतो, सर्वांना दिसत असतो. त्यावर क्लोजअप घेण्याचा मोह होईल. तो आवरावा, आणि पार्श्वसंगीतही टाळावे. पाणी टाकीत पडताना पातळी वाढत जाते तसा त्याचा आवाज बदलत जातो. तो स्वतंत्रपणे, माइक टाकीच्या जवळ धरून ध्वनिमुद्रित करावा. त्या प्रसंगाला एवढे संगीत पुरते.

कच्चे संकलन झाले की ते ओळखीपाळखीच्या आठ-दहा जणांना एकेकट्याने दाखवावे. एकत्र दाखवल्यास एकाला दिसलेले सर्वांना कळते. लघुपट आवडला का, असे विचारू नये. तिसऱ्या दिवशी तिने प्लग काढला होता का, एवढेच विचारावे. सर्वांनी ‘नाही’ म्हटले तर बोर्ड चौकटीत फार मध्यभागी आला आहे किंवा दुसऱ्या दिवसातील प्लगचा शॉट लांबला आहे, असे समजून तो कापावा. सर्वांनी छातीठोकपणे ‘हो’ म्हटले तर नायिका निघून गेल्यानंतरची रिकामी चौकट दोन-तीन सेकंद वाढवावी. निम्मे जण ‘काढला असेल की’ असे म्हणून थांबले, तर संकलन तिथेच थांबवून ध्वनीचे काम हाती घ्यावे.