हातोड्याचा भाव आणि खिशातला भाव: जुन्या रायफलींच्या विक्रीनोंदी वाचायला बसणाऱ्यांसाठी

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच असल्यामुळे बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या पोरांना 'थ्री नॉट थ्री' हा शब्द पाढ्यांच्या आधी ऐकू येतो. म्हणून जुन्या लष्करी रायफलींच्या विक्रीनोंदी जमवायचं काम हातात आलं की वाटतं, हे तर घरचंच. रायफल घरची असेल, तिचा बाजार घरचा नाही. तो अमेरिकेत आणि इंग्लंडात आहे आणि त्याची बोली वेगळी आहे. इतिहासात एम.ए. केलेली मुलं हल्ली या कामाबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लॉट (लिलावात एकत्र विकायला ठेवलेली वस्तू), राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती), एक्सेल हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी एकच गोष्ट, आणि ती जरा लांबवूनच सांगणार आहे, कारण मी तिच्यात पुरता अडकलो होतो. नोंदीतला आकडा लिहिण्याआधी तो आकडा *कसला* आहे ते लिहा.

लिलावात शेवटच्या बोलीवर हातोडा १,००० डॉलरला पडला म्हणजे रायफल १,००० ला गेली असं नव्हे. खरेदीदार त्यावर लिलावघराला प्रीमियम देतो. दर २० टक्के असेल तर त्याचे १,२०० जातात, २५ असेल तर १,२५०. आपल्या मार्केट यार्डात बटाट्याच्या सौद्यात पुकारलेला भाव एक आणि अडत, हमाली, तोलाई धरून होणारा हिशेब वेगळा, तसंच हे. काही घरं निकालात प्रीमियम धरून आकडा छापतात, काही नुसता हातोड्याचा. कुठला छापलाय ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, कधी फक्त अटी-शर्तींत असतं.

बरं, एवढ्यावर भागत नाही. हा दर काळाप्रमाणे बदलत आलाय. लंडनमध्ये ख्रिस्टीज आणि सॉदबीज यांनी १९७५ साली खरेदीदारावर १० टक्के प्रीमियम लावला तेव्हा व्यापाऱ्यांनी केवढा आरडाओरडा केला होता. आज २० ते २५ टक्के किंवा त्याहून जास्त दर पाहून कोणी भुवईसुद्धा उंचावत नाही. आता समजा, तुमच्या तक्त्यात जुन्या ओळी हातोड्याच्या आहेत आणि नव्या ओळी प्रीमियमसकट. भाव जागच्या जागी असला तरी आलेख चढलेला दिसेल. तुम्ही खुशीत लिहाल, 'या मॉडेलला मागणी वाढली'. मागणी वगैरे काही नाही, मध्ये फक्त प्रीमियम शिरलाय. हे एकदा अहवालात गेलं की अहवाल मागवणारा माणूस पुन्हा काम देत नाही, आणि का देत नाही तेही सांगत नाही.

म्हणून तीन रकाने: हातोडा, प्रीमियमचा दर, एकूण. दर सापडला नाही तर रकाना रिकामा ठेवा. अंदाजाने भरलात तर मेलात. डॉलर-पौंडाचा हिशेब करायचाच असेल तर विक्रीच्या दिवसाचा दर घ्या, आजचा नको.

व्यापाऱ्याने मागितलेली किंमत या तक्त्यात येतच नाही. न विकलेला लॉट मात्र येतो, 'न विकलेला' म्हणूनच. नवी मुलं नेमकं उलटं करतात.

आता वस्तू. एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड) म्हणजे आपली थ्री नॉट थ्री, नंबर १ मार्क ३, १९०७ ची. पहिल्या महायुद्धाच्या धांदलीत १९१६ पासून तिच्यापुढे एक तारा लागला. तारा एवढासा, पण त्याचा अर्थ मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधून गोळी वर येणं अडवणारी पट्टी) गेला, लांब पल्ल्याची व्हॉली साइट (नेम धरायचं साधन) गेली. हे भाग जागेवर असलेली मार्क ३ आणि साधी तारावाली यांचे भाव एका ओळीत बसत नाहीत. विक्रेता वर्णनात दोन्हींना 'एनफिल्ड' म्हणून मोकळा होतो. फोटो मोठा करून दस्त्याच्या मानेजवळचा पट्टा वाचा: ताज, खाली कारखाना, साल, मॉडेल. मग बोल्ट, नळी, पुढची टोपी यांचे क्रमांक जुळतात का पाहा. जर्मन ९८केमध्ये (दुसऱ्या महायुद्धातली माउझर रायफल) तर सोव्हिएत सैन्याने पकडून नंतर दुरुस्त केलेल्या रायफलींवर मागाहून जुळवलेले क्रमांक असतात. जुळलेले आणि जुळवलेले वेगळे रकाने करा. अमेरिकन शिपायांनी पिशवीत मावावी म्हणून लाकूड कापून घरी नेलेल्या ९८केही खूप येतात. मला त्या आवडतात. बाजाराला आवडत नाहीत.

एम१ गॅरंडचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रायफलीचं, वेगळं. ती सुमारे ५४ लाख बनली, त्यामुळे नोंदींचा ढीग आहे. पण अमेरिकेतला सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम (नागरिकांच्या नेमबाजीसाठीची संस्था) या गॅरंड प्रतवारीप्रमाणे ठरलेल्या किमतीला विकतो. तो दुकानातला दर आहे, लिलावाच्या ओळीत घालू नका. आणि कधी एकदम मोठा साठा बाजारात ओतला जातो. २००३ साली काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातून हजारो मार्टिनी-हेन्री आणि ब्रन्सविक या एकोणिसाव्या शतकातल्या रायफली अमेरिकेला गेल्या. अशा वर्षाच्या अलीकडचे आणि पलीकडचे भाव मिसळून सरासरी काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

'प्राइस गाइड' पुस्तकांवर माझा विश्वास नाही. त्यातला आकडा कुठल्या विक्रीवरून आला ते ती सांगत नाहीत. तयार तक्ते विकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. गुरू करायचा तर कॅम्पातला एखादा निवृत्त सुभेदार करा. त्याला लिलावातलं काही कळत नसेल, पण मूळ बोल्ट कुठला आणि बदललेला कुठला हे फोटोवरून सांगेल. वर चहा त्याचाच.

घाबरू नका, पहिले काही महिने सगळ्याच रायफली सारख्या दिसतात. घरचे विचारतात, 'काय करूलायस दिवसभर, बंदुका बघत?' उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. डोळा बसतो. पैसा उशिरा येतो, त्यामुळे शिकवणी किंवा दुकान सोडून या कामात उडी मारू नका, हे मात्र ठणकावून सांगतो.

अजून एक. तुम्ही हे काम करता असं कळलं की खानापूरकडचा कोणी तरी येऊन म्हणेल, घरात आजोबांची बंदूक आहे, किंमत सांग. सांगू नका. ३०३ हा बोअर (नळीच्या आतलं माप) आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे, आणि निकामी, पुराणवस्तू म्हणून सूट मिळते ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्याराला. परवाना आहे का एवढंच विचारा, नसेल तर ठाण्याकडे पाठवा. परदेशातल्या भावाचा त्याला इथे उपयोग नाही.

सुरुवात कशाने करायची? सगळे थ्री नॉट थ्रीने करतात, तिचे प्रकार नवख्याला गिळून टाकतात. इशापूर २ए घ्या, म्हणजे इशापूरच्या कारखान्यात एसएमएलईच्या धर्तीवर बनलेली रायफल. प्रकार दोनच: २,००० मीटरची साइट असलेली २ए आणि ८०० मीटरची २ए१. मॅगझिन चौकोनी, १२ गोळ्यांचं, बोअर ७.६२ मिमी. ठसा आरएफआय (रायफल फॅक्टरी, इशापूर). परदेशी विक्रेते तिलाही बिनदिक्कत ३०३ म्हणून टाकतात. अशा ओळी वेगळ्या काढा, प्रत्येकीपुढे प्रीमियमचा दर शोधून लिहा, आणि तो तक्ता स्वच्छ झाल्याशिवाय दुसऱ्या मॉडेलला हात लावू नका.