मोठ्या नातवंडाशी कादंबरीवर बोलायचं कसं?

पुस्तक एकच द्या. तुम्ही स्वतः दोनदा वाचलेलं. गठ्ठा दिला की तो पुण्याच्या खोलीत सुतळीसकट पडून राहतो.

मी नातीला 'धग' दिली. उद्धव शेळके यांची, १९६० ची, संवाद आपल्या वऱ्हाडीतले. नात लहानपणापासून पुण्यात. वऱ्हाडी तिच्या कानाला कळते, डोळ्याला अडते. म्हणून पहिली तीन पानं मी मोठ्यानं वाचली. पुढचं तिनं परतीच्या गाडीत वाचलं.

आता बोलणं. इथं मी दोन दिवाळ्या वाया घालवल्या. "कशी वाटली?" विचारलं की "छान" म्हणतात आणि विषय संपतो. मग मी खोदायला लागले. नायिका कौतिक एवढं का सोसते, शेवट पटला का? नात म्हणाली, "आजी, तू पेपर घेऊन राह्यली का माह्या?" आणि मोबाइल घेऊन माडीवर गेली. प्रश्न आधी लिहून काढा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मी काढले होते, वहीत, नंबर टाकून.

जमलं ते संक्रांतीला. ओसरीवर ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होतो, दोघींच्या नजरा टोपल्यात. मी म्हटलं, "मले तं कौतिकचा नवरा महादेव बिचारा वाटते," आणि गप्प बसले. ती उसळलीच. "बिचारा? ती राबराब राबते अन् हा बिचारा?" टोपलं रिकामं झालं तरी तिचं चालूच.

तर हात कामात ठेवा, विचारण्याऐवजी आपलं एक मत टाका. तिरपं चालेल, खोटं नको. मला महादेवची खरंच कीव येते. मग थांबा. हे थांबणंच जड जातं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, मला तर फारच. ती चुकतेय असं वाटलं तरी दुरुस्त करू नका. आणि स्वतःचा सासुरवास काढू नका. मी एकदा काढला; तिनं ऐकून घेतलं, पण त्या दिवशी कौतिकचं नाव पुन्हा निघालं नाही.

नावडलं म्हणाली तर उत्तम, बोलायला जास्त मिळतं.

नंतर तिच्या आवडीची कादंबरी मागून घ्या आणि पूर्ण वाचा. मधली पानं गाळली की पकडले जाता. मी गेले आहे. हल्ली अक्षर बारीक असतं, भिंग जवळ ठेवा.