कॅमेऱ्याची आवडती फिल्म बंद झाली तर काय करायचं, गोव्याच्या दमट हवेत राहणाऱ्यांसाठी

एखादी फिल्म बंद झाल्याची बातमी आली की व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात श्रद्धांजल्या सुरू होतात आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या रोलचे भाव चढतात. त्या दिवशी काहीच विकत घेऊ नका. आधी नक्की काय बंद झालंय ते नीट वाचा, कारण कधी फक्त ३५ एमएमचा छोटा रोल जातो नि त्याच फिल्मचा १२० हा रुंद रोल चालू राहतो, कधी एकाच देशात विक्री थांबते, कधी नुसता तुटवडा असतो आणि दुकानदार 'आता येत नाही ओ' म्हणून मोकळा होतो. फुजीच्या व्हेल्विया १०० या स्लाइड फिल्मचं (जिच्यातून निगेटिव्ह नाही, सरळ रंगीत फोटो निघतो) बघा, २०२१ मध्ये ती अमेरिकेत बंद झाली कारण तिच्यातलं एक रसायन तिकडच्या पर्यावरण खात्याच्या नव्या नियमात अडकलं, आणि इथे आमचे लोक लगेच सुतकात! व्हेल्विया ५० तर २००५ मध्ये बंद म्हणून जाहीर झाली आणि २००७ मध्ये परत आली. ब्लॅक अँड व्हाइट ॲक्रॉस २०१८ मध्ये गेली, पुढच्याच वर्षी ॲक्रॉस टू म्हणून आली, नाव फुजीचं आणि डब्यावर मेड इन यूके. कोडॅकची टी-मॅक्स पी३२०० आणि एक्टाक्रोम दोन्ही २०१२ मध्ये बंद, दोन्ही २०१८ मध्ये हजर.

पण म्हणून सगळंच परत येतं असं नाही. कोडॅकची ब्लॅक अँड व्हाइट प्लस-एक्स २०११ मध्ये गेली ती गेलीच, फुजीच्या ब्लॅक अँड व्हाइट निओपान ४०० आणि १६०० गेल्या, फुजीचीच कलर फिल्म प्रो ४००एच २०२१ च्या जानेवारीत बंद म्हणून जाहीर झाली. आणि नाव परत आलं म्हणजे फिल्म परत आली असंही समजू नका, आग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि नंतर एपीएक्स नावाने जी मिळायला लागली ती जुनी एपीएक्स नव्हे, त्यामुळे तिला नवीन फिल्म समजून पहिल्यापासून टेस्ट करायची.

आता खरा मुद्दा. लोक रोलचा साठा करतात पण तो रोल कुठल्या केमिकलात धुतला जातो ते बघत नाहीत. रोल फ्रीजरमध्ये टिकेल हो, पण धुणारी लॅब टिकेल का? कोडाक्रोम ही कोडॅकची कलर स्लाइड फिल्म १९३५ ची, कोडॅकने २००९ मध्ये तिचा कारभार आवरला तेव्हा जगभर लोकांच्या फ्रीजरात साठे होते, पण तिची के-१४ प्रोसेस घरी जमण्यातली नव्हती कारण त्या फिल्ममध्ये रंग बनवणारी रसायनं नसायचीच, ती धुताना एकेका थरात घालावी लागायची. शेवटी जगात एकच लॅब उरली, अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो, आणि तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं थांबवलं. फॅक्टरीतून निघालेल्या शेवटच्या रोलवर स्टीव्ह मॅककरी या फोटोग्राफरने फोटो काढले, त्यातल्या काही फ्रेम मुंबईत आणि राजस्थानात काढलेल्या, आणि तो रोल कुरियरवर न सोडता स्वतः पार्सन्सला घेऊन गेला. बाकी ज्यांनी जपून ठेवली त्यांच्या रोलमधून आता फार तर ब्लॅक अँड व्हाइट निघेल, तेही धूसर.

म्हणून साठा किती करायचा ते प्रोसेसवरून ठरवा. ब्लॅक अँड व्हाइट असेल तर बिनधास्त जास्त घ्या, फिल्म धुण्याचा टँक, डेव्हलपर (फोटो उमटवणारं केमिकल) आणि फिक्सर (तो पक्का करणारं) असला की बाथरूममध्ये सगळं होतं आणि कुणाच्या लॅबवर अवलंबून राहावं लागत नाही. कलर निगेटिव्ह म्हणजे सी-४१ प्रोसेस, मध्यम घ्या, लॅब अजून आहेत आणि घरी करायची किटही मिळतात, शिवाय त्याला ३८ डिग्री लागते ते आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये फारसं कठीण नाही. स्लाइड म्हणजे ई-६ प्रोसेस, इथे हात आखडता घ्या. गोव्यातून रोल बाहेर पाठवावा लागतो, तिकडची लॅबही पुरेसे रोल जमल्याशिवाय केमिकल बनवत नाही, म्हणून स्लाइड घ्यायच्या आधी लॅबला फोन करून विचारा की अजून करता का आणि किती दिवसांनी. फोनचा खर्च काही नाही, एका स्लाइड रोलची किंमत तुम्हाला माहीतच आहे.

आकडा काढायचा असेल तर गेल्या वर्षी त्या फिल्मचे किती रोल खरोखर धुतले ते निगेटिव्हच्या फाइलमधून मोजा, मनात किती काढायचे होते ते नाही. त्याच्या दुप्पट-तिप्पट पुष्कळ. शक्यतो एकाच बॅचचे घ्या, डब्यावर इमल्शन नंबर असतो, म्हणजे एका रोलवर केलेली टेस्ट सगळ्यांना लागू पडते. आणि पी३२०० किंवा डेल्टा ३२०० सारख्या फास्ट, म्हणजे कमी उजेडात चालणाऱ्या फिल्मचा साठा करूच नका. थंडीने उष्णता अडते पण आकाशातून येणारं रेडिएशन फ्रीजरच्या दारातून आत येतंच, आणि फास्ट फिल्मवर त्याचा फॉग, म्हणजे धुरकटपणा, लवकर चढतो.

साठवण. परदेशी लोक लिहितात 'थंड कोरड्या जागी ठेवा', आपल्याकडे जूनपासून बुटांवर सुद्धा बुरशी येते, कोरडी जागा आणायची कुठून? वर्षभरात वापरणार ते रोल खालच्या फ्रीजमध्ये, बाकीचे फ्रीजरमध्ये उणे १८ ला. ३५ एमएम आपल्या प्लास्टिकच्या डबीतच राहू द्या, १२० ची फॉइल अजिबात फोडू नका कारण तिच्या मागच्या कागदाने ओल धरली तर त्यावरचे आकडे आणि ठिपके फोटोत उमटतात. मग सगळं झिपवाल्या पिशवीत, हवा दाबून काढून, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यावर मार्करने फिल्मचं नाव, एक्सपायरी नि घेतल्याची तारीख. सिलिका जेल डब्यात टाका पण निळ्या दाण्यांचं, ते गुलाबी झाले की तव्यावर गरम करून परत निळे करायचे (तो तवा मग पोळ्यांना वापरायचा नाही, घरात भांडण नको). फ्रीजरमधली जागा हा मात्र राजकीय प्रश्न आहे, पावसाळ्यात मासेमारी बंद व्हायच्या आधी आई बांगडे आणि सुंगटं भरून ठेवणार आणि तुमचा पोर्ट्रा फिल्मचा डबा सगळ्यात आधी बाहेर निघणार. छोटा डबा, मागच्या कोपऱ्यात, आधीच बोलून घेऊन. लाइट जाते तेव्हा फ्रीजर उघडू नका, मोकळ्या जागेत पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या ठेवल्या की बराच वेळ थंडावा टिकतो.

आणि बाहेर काढताना घाई नको. पावसाळ्यात आपल्या हवेत इतकी वाफ असते की रोल जरासा थंड असला तरी त्यावर पाणी सुटतं, म्हणून एक-दोन तासांचा परदेशी सल्ला सोडा, आदल्या रात्री काढून बंद पिशवीतच ठेवा आणि सकाळी पिशवी उघडा. एकदा कॅमेऱ्यात घातला की संपवा आणि धुवा. अर्धा रोल चवथीला आणि अर्धा शिगम्याला असं करणारे मला माहीत आहेत, मध्ये सहा महिने कॅमेरा कपाटात, मग फोटो फिके आले की दोष फिल्मला.

साठा कधीतरी संपणारच, त्यामुळे दुसरी फिल्म शोधायचं काम जुनी हातात असतानाच करा. आधी स्वतःला विचारा की त्या फिल्ममधलं नक्की काय आवडायचं, ग्रेन, हिरवा रंग, कातडीचा रंग, रात्री मिळणारा वेळ, की नुसतं डब्याचं डिझाइन? (हसू नका, बऱ्याच वेळा तेच असतं.) मग दोन बॉडी असतील तर एकीत जुनी आणि एकीत नवी, नसतील तर लागोपाठ, एकाच जागी एकाच उजेडात काढा. आपल्याकडे टेस्टची जागा शोधायला लागत नाही, फोंड्याकडच्या कुठल्याही मोठ्या देवळासमोर उभे राहा, मंगेशीचा पांढरा दीपस्तंभ हायलाइटला (सगळ्यात उजळ भागाला), जांभ्याची भिंत लालला, मागची झाडं हिरव्याला, आणि मित्राचा चेहरा सावलीत. निगेटिव्ह असेल तर एक स्टॉप (म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी, बरोबर, एक जास्त, दोन जास्त अशा चार फ्रेम, स्लाइडला अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने. वहीत लिहा. एकत्र धुवा, आणि स्कॅन करताना ऑटो करेक्शन बंद ठेवा नाहीतर दोन्ही फिल्म स्कॅनरच्या आवडीच्या दिसतील.

पर्याय कुठले? प्लस-एक्सवाल्यांनी इल्फर्डची एफपी४ घ्या, फार विचार नको. निओपान ४०० च्या जागी मला इल्फर्डचीच एचपी५ पटते, ग्रेन थोडा जाडा आहे पण चुका पोटात घालते, बारीक ग्रेन हवा तर टी-मॅक्स ४००. निओपान १६०० ने चवथीत माटोळीखाली समईच्या उजेडात फोटो काढणारे होते, त्यांनी एचपी५ १६०० आयएसओला वापरून पुश करा, म्हणजे धुताना वेळ वाढवा, इल्फर्डचा आयडी-११ डेव्हलपर न पातळ करता २० डिग्रीला १४ मिनिटं. आता २० डिग्री म्हणजे इथे बर्फच, मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीला टेकतं. मी सगळं २४ ला करतो, दर डिग्रीमागे वेळ साधारण दहा टक्के कमी होतो, कंपनीचा तक्ता असतो तो बघून पक्कं करा, आणि वेळ पाच मिनिटांच्या खाली आणू नका नाहीतर डेव्हलप एकसारखं होत नाही. डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचं पाणी, सगळं एकाच तापमानाला ठेवा.

रात्री लांब एक्स्पोजर देताना बहुतेक फिल्मना मीटर सांगतो त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. ॲक्रॉसचा गुण वेगळाच होता आणि ॲक्रॉस टूमध्येही तो आहे, दोन मिनिटांपर्यंतच्या एक्स्पोजरला काही वाढवावं लागत नाही. पणजीला मांडवीच्या काठी रात्री ट्रायपॉड लावणाऱ्यांना हे सोनं आहे. किमतीमुळे एचपी५ वर गेलात तर गणित करावं लागेल, इल्फर्डचा हिशेब असा की मीटरने सांगितलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्यायचा, म्हणजे १० सेकंदांचे साधारण २० होतात आणि ३० चे ८६. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. पण तेवढ्यात पाण्यावर कॅसिनोचे दिवे असे पसरतात की ते आवडतील तर ठीक.

प्रो ४००एच चं दुःख मात्र खरं आहे. तिच्यात नेहमीच्या तीन रंगथरांशिवाय चौथा थर होता आणि म्हणून पावसाळ्यातली हिरवळ ती थंड, निळसर झाक देऊन दाखवायची, दिवाडीच्या फेरीबोटीतून उतरल्यावर जे दिसतं ना, तसं. कोडॅकची पोर्ट्रा ४०० उत्तम फिल्म आहे पण ती सगळं उन्हाळ्याकडे ओढते, हिरवं पिवळट होतं. एक स्टॉप जास्त देऊन काढा आणि स्कॅनमध्ये फक्त हिरवा थोडा निळ्याकडे सरकवा, बाकी रंगांना हात लावू नका, चेहरे बिघडतात. हुबेहूब होत नाही. जवळपास होतं.

जुने एक्सपायर रोल विकत घेत असाल तर तारखेपेक्षा ठेवले कुठे होते ते विचारा. फ्रीजरमध्ये दहा वर्षं राहिलेला रोल चालतो, स्टुडिओच्या पत्र्याखालच्या कपाटात दोन मे महिने काढलेला नाही. कलर निगेटिव्ह बाहेर राहिली असेल तर दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त द्या, ब्लॅक अँड व्हाइटला त्याहून कमी पुरतं, स्लाइडला जास्त उजेडाचा उपाय लागू पडत नाही, रंग सरकलेले असतात ते सरकलेलेच. लग्न, मुंज, बारसं अशा परत न होणाऱ्या ठिकाणी असला रोल नेऊ नका, आणि नेलात तर डिजिटल खिशात ठेवा. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' किंवा पूर्व जर्मनीचा ऑर्वो कुणाच्या कपाटात सापडला तर घ्या जरूर, पण आठवण म्हणून घ्या, फोटोची अपेक्षा ठेवून नाही.

प्रवासात रोल कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका, तिकडचे एक्स-रे जोरदार असतात. दाबोळी असो की मोपा, पारदर्शक पिशवीत डब्यांतून काढलेले रोल हातात ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा, नम्रपणे आणि रांग मोठी नसताना. ऐकतीलच असं नाही. सीटी स्कॅनर असेल तर जास्त आग्रह धरा, तो कमी आयएसओच्या फिल्मचंही नुकसान करतो. मुंबईहून रोल आणायचे असतील तर ट्रेन किंवा बस बरी.

आणि पार मेलेले, पाणी लागलेले, कुठल्याच उपयोगाचे नसलेले रोल फेकू नका, एक तरी ठेवा, उजेडात बसून धुण्याच्या टँकमधल्या रीलवर चढवायचा सराव करायला तोच लागतो, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, मग लाइट बंद करून, आणि हात बसला की मगच शेवटच्या निओपानला हात लावा. पावसाळ्यात हे करायचं असेल तर रील आधी हेअर ड्रायरने नीट सुकवून घ्या, ओल्या रीलवर फिल्म मध्येच अडकते.