सुपरनॅचरलमध्ये नशीब खरं की माणसाची मर्जी, हे बघायचं कसं

सुपरनॅचरल ही अमेरिकन सिरियल, डीन आणि सॅम या भुतंखेतं मारत फिरणाऱ्या दोन भावांची. 15 सिझन, 327 एपिसोड, 2005 ते 2020... एवढं ऐकलं की माणूस नादच सोडतो, म्हणून ज्यांना फक्त नशिबाचा धागा पकडायचाय त्यांनी सरळ सिझन 4 आणि 5 घ्या.

आधी आपलं प्रारब्ध जरा बाजूला ठेवा. प्रारब्ध म्हणजे आपल्याच कर्माचं फळ, इथं तसं नाहीये, इथं देवदूतांनी आखून ठेवलंय की डीनच्या अंगात मायकल हा मोठा देवदूत येणार, सॅमच्या अंगात ल्युसिफर, म्हणजे बंडखोर देवदूत, सैतान, आणि सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठणार. पण सटवाई सहाव्या रात्री लिहून जाते तेव्हा बाळाला कोण विचारतं? इथं विचारावं लागतं! माणूस 'हो' म्हणाल्याशिवाय देवदूत अंगात शिरूच शकत नाही. माझ्या मते सगळी सिरियल याच नियमावर उभी आहे, म्हणून बघताना एवढंच धरून ठेवा की 'हो' कोण म्हणालं आणि ते कसं वदवून घेतलं.

सुरुवात सिझन 4 च्या 18 व्या एपिसोडने करा. चक नावाच्या लेखकाला या भावांचं पुढचं आयुष्य आधीच दिसतं, त्याने लिहिलंय की डीन बेकन चीजबर्गर खाणार, म्हणून डीन मुद्दाम व्हेज बर्गर मागवतो, खातो, खूश होतो, आणि मग वेट्रेस येऊन सॉरी म्हणते, चुकून बेकनवालाच दिला. इथं हसून पुढे जाऊ नका. बारीकसारीक सगळं खरं होत जातं, पण लिलिथ या राक्षसिणीचा मोठा प्रसंग मात्र फिरतो कारण कॅस्टिएल हा देवदूत आडून आडून डीनला वाट दाखवतो, म्हणजे देवदूतानेच पहिल्यांदा नियमातली फट दाखवली.

मग सिझन 5 चा 13 वा. मायकल डीनला तोंडावर सांगतो की माणसाची मर्जी वगैरे सगळा भ्रम आहे. पण तो हे बोलतोय कुणाच्या तोंडून? तरुण जॉनच्या, म्हणजे डीन-सॅमच्या बापाच्या, आणि त्याच्या अंगात यायला त्याला जॉनचा होकार घ्यावा लागलाय, त्याची बायको मेरी मरायला टेकलेली असताना घेतलेला. मला तर तिथंच मायकलचं म्हणणं पोकळ वाटलं.

22 वा एपिसोड घाईत बघू नका प्लीज. सॅम स्वतःहून ल्युसिफरला 'हो' म्हणतो, हरतो, ल्युसिफर डीनला मारमार मारतोय आणि तेवढ्यात त्यांच्या 1967 च्या इम्पाला गाडीच्या अ‍ॅशट्रेत लहानपणी अडकवलेला खेळण्यातला सैनिक दिसतो. कुठली तलवार नाही की मंत्र नाही, एक प्लास्टिकचा सैनिक, आणि सॅम परत स्वतःच्या शरीराचा मालक होतो.

मधले सिझन सवडीने बघा. सिझन 11 मध्ये चक म्हणजेच देव हे कळतं आणि 15 मध्ये तो सगळ्यांना आपल्या गोष्टीतली पात्रं समजतो, तेव्हा बरेच जण म्हणतात की मग आधीचंही सगळं लिहिलेलंच होतं. मला नाही पटत. त्याच सिझनमध्ये चक स्वतःच चिडून बोलतो की त्याने बनवलेल्या बाकीच्या जगांतल्या कॅस्टिएलनी सांगितलं ते केलं, फक्त याने नाही केलं. ते ऐकलं की परत सिझन 4 चा पहिला एपिसोड लावा, कोठारातले दिवे फुटतात, कॅस्टिएल आत येतो, आणि डीनला नरकातून का वाचवलं विचारल्यावर सांगतो, देवाची आज्ञा होती म्हणून.